गावाच्या नोंदवहीत कोण नाही

वाशीम जिल्ह्यात २०११ साली ११ लाख ९७ हजार १६० माणसं मोजली गेली. पुरुष ६ लाख २० हजार ३०२, स्त्रिया ५ लाख ७६ हजार ८५८. आधीच्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९३९ स्त्रिया होत्या, त्या आता ९३० झाल्या होत्या. पण ज्या आकड्यानं या जिल्ह्याची झोप उडायला हवी होती तो त्याच तक्त्यात जरा खाली होता. सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांमध्ये हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१८ मुली होत्या, २०११ साली ८६३. दहा वर्षांत हजारामागे पंचावन्न मुली कमी झाल्या, आणि ही घट झाली ती साक्षरता ८३ टक्क्यांवर चढत असताना, रस्ते होत असताना, तालुक्याच्या गावी तपासणीची यंत्रं पोचत असताना.

निसर्ग शंभर मुलींमागे साधारण एकशे पाच मुलगे जन्माला घालतो. म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असायला हव्यात. आपल्याकडे हजारामागे जवळजवळ नव्वद नाहीत. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानंच १९८८ साली केला आणि केंद्राचा कायदा १९९४ साली आला. २०११ च्या मोजणीतलं सहा वर्षांच्या आतलं प्रत्येक लेकरू हे दोन्ही कायदे झाल्यानंतर पोटात आलेलं आहे. कायदा नव्हता, माहीत नव्हतं, अडाणी होतो, यातली एकही सबब वाशीमला उरलेली नाही.

तरीही हा आकडा चावडीवर काढला की एक उत्तर हमखास मिळतं. पोरी कमी नाहीत हो, मोजणाऱ्या मास्तरानं त्या लिहिल्याच नसतील. हे उत्तर देणाऱ्याला वाटतं की त्यानं गावाची अब्रू वाचवली. मी हे उत्तर क्षणभर खरं धरतो आणि विचारतो, मास्तर ओट्यावर बसून घरात माणसं किती असं विचारतो तेव्हा आजोबांना मोठा मुलगा आठवतो, धाकटा आठवतो, पुण्याला कंपनीत गेलेला नातूही आठवतो, मग चुलीपाशी पीठ मळणारी नात आठवत नाही ती का? प्रगणकांना प्रशिक्षणात मुद्दाम सांगावं लागतं की तान्ही लेकरं, मुली आणि म्हातारी माणसं राहिली का हे पुन्हा विचारून घ्या. घरात असलेल्या माणसाची आठवण करून देण्यासाठी सरकारला सूचना छापावी लागते, ही आपली घरं आहेत. मुलगी गर्भात मारली असो वा मोजणीत विसरली असो, दोन्हीमागचं मन एकच आहे.

मोजणीत चूक होते हे सरकारही लपवत नाही. जनगणना झाल्यावर नमुन्याच्या गटांत पुन्हा दारोदार जाऊन किती सुटले ते तपासलं जातं. २०११ च्या तपासणीत देशभर हजारी २३ माणसं निव्वळ सुटलेली आढळली. १२१ कोटींच्या देशात हे पावणेतीन कोटींच्या घरात जातात, म्हणजे वाशीमसारखे तेवीस जिल्हे कागदाबाहेर राहिले असं समजा. एवढ्या मोठ्या कामात एवढी गळती होणारच असं कोणी म्हणेल. त्याला मी आपल्याच बाजार समितीतला काटा दाखवतो. काटा वाऱ्यानं हलत असेल तर कधी शेतकऱ्याचं सोयाबीन किलोभर जास्त भरतं, कधी कमी, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब जवळपास बरोबर येतो. पण काटा एकाच अंगाला झुकवून ठेवला असेल तर हजार पोती मोजली तरी फरक मिटत नाही, उलट पोत्यागणिक वाढत जातो. आपल्या लोकसंख्येच्या नोंदी दुसऱ्या जातीच्या काट्यावर होतात. चुका वाटेल तिथे होत नाहीत. त्या ठरलेल्या माणसांवर होतात: तान्हं लेकरू, मुलगी, तांड्यातलं कुटुंब, जमीन नसलेली विधवा. समाज ज्याच्याशी वाईट वागतो, नेमका त्याचाच आकडा खोटा निघतो. हे मला सांगायचं आहे, आणि ते प्रत्येक ठिकाणी पुराव्यानिशी सांगायचं आहे.

सगळ्यांत आधी गळतं ते चार दिवसांचं लेकरू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. घटनेपासून एकवीस दिवसांत गावच्या निबंधकाकडे, म्हणजे आपल्याकडे ग्रामसेवकाकडे, खबर द्यायची. जन्मल्यावर एक श्वास घेऊन जे लेकरू गेलं त्याच्या दोन नोंदी व्हायला हव्यात, एक जन्माची आणि एक मृत्यूची. प्रत्यक्षात एकही होत नाही. मोठं माणूस गेलं तर सरण रचतात, चार गावांना निरोप जातो, दहावं-तेरावं होतं. तान्ह्याला मात्र घरातले दोन पुरुष फडक्यात गुंडाळून नेतात आणि शेताच्या धुऱ्याला नाही तर नाल्याच्या काठाला पुरून येतात. बाईला सांगतात, रडू नको, दुसरं होईल. विचारणारा आलाच तर उत्तर तयार असतं, मेलेलंच झालं होतं. या तीन शब्दांत बालमृत्यूचा आकडा खाली येतो आणि सगळ्यांची सोय होते. घराला कोणी काही विचारत नाही, आढावा बैठकीत कर्मचाऱ्याला बोलणी बसत नाहीत, तालुक्याचा तक्ता हिरवा राहतो. सोय होत नाही ती फक्त त्या आईची. तिच्या पुढच्या बाळंतपणात हेच पुन्हा घडू नये म्हणून जे करायला हवं होतं ते होत नाही, कारण कागदोपत्री तिच्याकडे काही घडलेलंच नसतं.

त्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. बाई सासरच्या गावी गरोदर म्हणून नोंदली जाते, बाळंत होते माहेरच्या तालुक्यात, आणि लेकरू गेलं तर मोकळ्या हातानं परत येते. माहेरचा ग्रामसेवक म्हणतो ते आमच्या गावचं कुटुंब नाही, सासरची आशाताई म्हणते इथं काही झालंच नाही. कायदा स्पष्ट आहे, घटना जिथे घडली तिथे नोंद. पण कायदा वाचणार कोण, आणि मेलेल्या लेकरासाठी एस.टी.चं तिकीट काढणार कोण?

हे मी मनानं बोलत नाही. २००१ साली डॉ. अभय बंग आणि महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून गावागावांत आणि झोपडपट्ट्यांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू टिपला आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल राज्यापुढे ठेवला. गावात राहून, घराघरात विचारून मोजलं तेव्हा बालमृत्यू सरकारी दप्तरातल्या आकड्यांहून कितीतरी अधिक निघाले. राज्य हादरलं, समित्या नेमल्या गेल्या, काही चांगली कामंही सुरू झाली. पण सरकारनं किती लपवलं यावरच तेव्हा सगळा गदारोळ झाला. गावानं किती लपवलं हे कोणी विचारलं नाही, आणि दप्तर तर गावातूनच भरत गेलं होतं.

वजनाचंही तसंच. अडीच किलोच्या खाली जन्मलेलं बाळ कमी वजनाचं धरतात. म्हणून जगभरच्या नोंदवह्यांत बरोबर अडीच किलोवर बाळांचा ढीग जमलेला दिसतो, हे लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. वाशीम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. महाराष्ट्रातल्या अशा चार जिल्ह्यांपैकी एक, बाकीचे नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद). प्रगतीची क्रमवारी लागते, क्रमांक जाहीर होतात. क्रमवारीचा हेतू चांगला आहे. पण ज्या अंगणवाडीताईला खरा आकडा लिहिला की नोटीस आणि गोल आकडा लिहिला की शाबासकी मिळते, तिच्याकडून आपण सत्याची अपेक्षा कोणत्या तोंडानं करतो? तिच्या हाती पेन आपण दिलं आणि त्या पेनाची दिशाही आपणच ठरवली.

वयाकडे या. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडा, पानोपानी एकच जन्मतारीख दिसेल, १ जून. कुठे १ जुलै. बाप लेकराला घेऊन शाळेत आला, तारीख माहीत नव्हती, हेडमास्तरांनी शाळेला सोयीची तारीख टाकली. एक अख्खी पिढी कागदावर एकाच दिवशी जन्मली. जनगणनेतही तेच. तिसाव्या, पस्तिसाव्या, चाळिसाव्या वर्षी माणसांची गर्दी, आणि एकतिसाव्या-एकोणचाळिसाव्या वर्षी शुकशुकाट, कारण लोक शून्य आणि पाचावर वय सांगतात. ही चूक अज्ञानाची आहे, तिच्यात पाप नाही, आणि शास्त्राकडे ती दुरुस्त करायच्या रीतीही आहेत. पण त्याच वहीत एक दुसरी चूक आहे जिच्यात अज्ञानाचा अंश नाही. लग्न झालेल्या मुलीचं वय. सोळाव्या वर्षी उजवलेल्या पोरीचं वय विचारलं की सगळं घर एकसुरात सांगतं, अठरा पूर्ण. बापाला जिची जन्मतारीख शाळेत घालताना आठवत नव्हती, तिचं वय लग्नात इतकं नेमकं आठवतं. नंतर ती बाळंतपणात गेली तर मृत्यूच्या कागदावरही तिचं वय वाढवून लिहिलं जातं. बालविवाह आपल्या तालुक्यात होत नाहीत असं जेव्हा पुढारी भाषणात सांगतात तेव्हा त्यांच्या हातात हाच कागद असतो.

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. रामनवमीच्या यात्रेला जो जनसागर लोटतो तो पाहायला मंत्री येतात, कॅमेरे येतात. पण वर्षाचे बाकीचे महिने याच समाजातली माणसं कुठे असतात हे विचारायला कोणी येत नाही. दिवाळी झाली की तांड्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. लेकरं सोबत, म्हातारं माणूस मागं. आणि आपली जनगणना कधी होते? २०११ ला प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारीला दारोदार गेले, बेघरांची मोजणी २८ च्या रात्री झाली, मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणी. हा ऐन गाळपाचा हंगाम. तांड्यावर प्रगणक गेला तर कुलूप, आणि साखर कारखान्याच्या परिसरात कोपी बांधून राहिलेल्या टोळीकडे तिथला प्रगणक गेला की नाही यावर त्या टोळीचं या देशात असणं-नसणं ठरतं. कारखान्याच्या गावाला ती माणसं आपली वाटत नाहीत. मूळ गावातले लोक म्हणतात, ते बाहेर गेले आहेत, तिकडे लिहिले जातील. पोहरादेवीला समाजाच्या संख्येवर टाळ्या घेणाऱ्या एकाही पुढाऱ्यानं फेब्रुवारीत कोप्यांवर जाऊन आपली माणसं मोजली गेली का हे पाहिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मृत्यूची नोंद कोणाची होते तेही पाहा. जमीनदार पुरुष गेला की आठ दिवसांत दाखला निघतो, कारण सातबाऱ्यावर वारसाचा फेरफार घालायचा असतो, बँकेत खातं असतं, विमा असतो. त्याची म्हातारी विधवा गेली तर? तिच्या नावावर गुंठाभर नाही, खात्यात निराधार योजनेचे चार पैसे. तिचा दाखला काढून कोणाला काय मिळणार? देशभरात पुरुषांपेक्षा बायकांच्या मृत्यूची नोंद कमी होते, याचं कारण यापेक्षा गहन काही नाही. माणूस गेल्याची खबर आपण सरकारला देत नाही, संपत्ती हलल्याची देतो. आणि नोंद झालीच तरी माणूस कशानं गेलं हे डॉक्टरनं लिहिलेलं असण्याचं प्रमाण देशात जेमतेम पाचांत एक. बाकीचे म्हातारपणानं गेले, तापानं गेले, छातीत दुखून गेले. करोनाच्या दोन वर्षांत या दुर्लक्षाची किंमत कळली. २०२० साली देशात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२१ साली १ कोटी २ लाख. एका वर्षात वीस लाखांवर वाढ. त्यांत करोनाचे किती, यावर देश आणि जागतिक आरोग्य संघटना भांडत राहिले, आणि ते भांडण मिटवता येईल असा कागद कोणाकडेच नव्हता.

शेतकरी आत्महत्यांच्या नोंदीबद्दल बोलताना वऱ्हाडातल्या माणसाचा आवाज कापतो. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं त्यांत वाशीम होता. या जिल्ह्यात आत्महत्या झाली की जिल्हास्तरीय समितीपुढे प्रकरण जातं आणि समिती ठरवते, पात्र की अपात्र. पात्र असेल तर एक लाखाची मदत. नावावर जमीन, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, वसुलीचा तगादा, हे सगळं जुळायला हवं. बटाईनं शेती करणारा अपात्र. नातेवाइकाकडून हातउसने घेतलेला अपात्र. आणि बाई? ती आयुष्यभर निंदली, वेचली, पेरली, फवारणीला पाणी वाहिलं, पण सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. तिनं विष घेतलं तर ती शेतकरी ठरत नाही, गृहिणी ठरते, आणि घरगुती कारण असं लिहून प्रकरण मिटतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही गोष्ट कित्येक वर्षं लिहिली. समितीचे नियम सरकारनं केले हे खरं. पण बाईच्या नावावर जमीन करायची नाही हा नियम कोणत्या सरकारनं केला? तो तुमच्या-माझ्या घरातला आहे.

याच्या उलट, जिथे डोक्यामागे पैसा मिळतो तिथे आपण नसलेली माणसंही उभी करतो. ज्या २०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेत माणसं सुटली, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये, ३ ते ५ तारखेला, राज्यानं शाळांची पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून लेकरांच्या बोटाला शाई लावली गेली. पटावरचे लाखो विद्यार्थी वर्गात नव्हतेच. अनुदान, शिक्षकांची पदं, पोषण आहार, सगळं त्यांच्या नावानं चाललं होतं. आणि आता आपल्या शेजारच्या यवतमाळात, आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनीत, सुमारे दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीच्या नावानं २७ हजारांवर जन्मनोंदी २०२५ साली सापडल्या. तपास होईल, दोषी ठरतील. मला दुसरीच गोष्ट टोचते. ज्या विदर्भात धुऱ्याला पुरलेल्या लेकराची एक नोंद करायला कोणाला वेळ नाही, तिथे न जन्मलेल्या माणसांच्या हजारो नोंदींना वेळ निघतो. नोंद करणं आपल्याला जमत नाही असं नाही.

हे सगळं आकड्यांच्या शास्त्राला दिसत नाही का? दिसतं. सुटलेली माणसं मोजायची एक सुंदर रीत चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ साली मांडली. रीत कोणालाही समजेल अशी आहे. एका गावच्या जन्मांच्या दोन याद्या करायच्या, एकमेकींना न दाखवता. समजा ग्रामसेवकाच्या वहीत ८० जन्म आहेत, घरोघर फिरलेल्या माणसाच्या यादीत ९०, आणि दोन्हींत मिळून ७२ नावं सारखी आहेत. म्हणजे फिरणाऱ्याला सापडलेल्या ९० पैकी ७२, दहांत आठ, ग्रामसेवकाला सापडले होते. मग ग्रामसेवकाचे ८० हे एकूण जन्मांच्या दहांत आठ असले पाहिजेत. खरे जन्म शंभर. जे कोणालाच सापडले नाहीत त्यांचाही असा अंदाज निघतो. आपली नमुना नोंदणी पद्धत याच विचारावर उभी आहे, आणि देशाचे जन्मदर-मृत्युदर तिच्यातून येतात. पुढे हेच चंद्रशेखरन मुंबईत १९५६ साली सुरू झालेल्या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेचे संचालक झाले. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध केली होती. मोजण्याची विद्या महाराष्ट्राला परकी नाही.

पण या रीतीला एक अट आहे. पहिल्या यादीतून सुटण्याचा दुसऱ्या यादीतून सुटण्याशी संबंध नसावा. ग्रामसेवक आळशी असेल, फिरणारा घाईत असेल, तर ही अट पाळली जाते आणि हिशेब बरोबर येतो. घर स्वतःच लपवत असेल तर ती मोडते. ज्या बापानं मुलगी ग्रामसेवकाला सांगितली नाही तो ती पाहणीवाल्यालाही सांगत नाही. दोन्ही याद्यांतून तेच लेकरू सुटतं आणि गणित त्याला कधीच पकडू शकत नाही. यंत्रणेचा आळस शास्त्र भरून काढतं. घराच्या खोटेपणावर त्याच्याकडे उपाय नाही. म्हणून सगळा दोष सरकारवर टाकून मोकळ्या होणाऱ्यांना मी मोकळं सोडणार नाही.

आपले पूर्वज आकड्याला इतके भीत नव्हते. जुन्या बाशीम जिल्ह्यात १९०१ च्या मोजणीत ३ लाख ५३ हजार ४१० माणसं भरली, आधीच्या दहा वर्षांपेक्षा सुमारे अकरा टक्के कमी. अवघ्या वऱ्हाडाची लोकसंख्या २८ लाख ९७ हजारांवरून २७ लाख ५४ हजारांवर आली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ त्या आकड्यांत कायमचे कोरले गेले आहेत. परकं सरकारही ते खोडू शकलं नाही. (तो बाशीम जिल्हा १९०५ साली मोडला, त्यात पुसद होतं आणि कारंजा नव्हतं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून निघालेला आजचा वाशीम वेगळा. म्हणून ते आकडे आजच्यांशेजारी ठेवून शेकडा वाढ काढणाऱ्यांनी जपून राहावं.) बालविधवांचा प्रश्न ऐरणीवर आला तोही याच मोजणीमुळे. १८८१ पासूनच्या जनगणनांनी वयानुसार विधवांचे तक्ते छापले आणि नऊ वर्षांच्या आतल्या विधवा हा सुधारकांच्या कल्पनेचा खेळ आहे असं म्हणण्याची सोय सनातन्यांना उरली नाही.

आणि त्याच जुन्या नोंदी आज आपण कशासाठी शोधतो? गावच्या कोतवालानं लिहिलेली, पाटलानं तपासलेली कोतवाल बुकं अभिलेख कक्षात आहेत. बापाचं नाव, जात, आणि मुलगा झाला किंवा मुलगी झाली एवढीच ओळ. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातीला १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी राज्यभर मोडीतली दप्तरं उघडली गेली. हा शोध रास्त आहे, ज्याचा हक्क त्याला मिळालाच पाहिजे. पण त्या कोतवालाच्या एका ओळीवर आज एका घराचं शिक्षण आणि नोकरी उभी राहते हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, ते आपल्या घरात आज जन्मलेल्या मुलीची ओळ लिहायला एकवीस दिवसांत दोन किलोमीटर जात नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच पुरावा आहे. आज न लिहिलेली मुलगी अठरा वर्षांनी दारोदार फिरणार आहे, आणि तेव्हाही तिला विचारलं जाईल, तुझ्या बापानं नोंद का केली नाही?

किंमत उद्याच मोजायची आहे असंही नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्यात किती जणांना स्वस्त धान्य द्यायचं हा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे, सात कोटींच्या आसपास. २०२१ ची मोजणी झालीच नाही. पंधरा वर्षांत जन्मलेली लेकरं इष्टांकाच्या हिशेबात नाहीत. रेशन दुकानात आईला ऐकावं लागतं, नाव चढवायला जागा नाही, कोणी मेलं तर बघू. मेलेल्याचं नाव खोडलं जात नाही कारण मृत्यूची नोंद नाही, आणि जन्मलेल्याचं चढत नाही कारण जागा नाही.

आणि खरा आकडा नसला की त्याची जागा अफवा घेते. अमक्या धर्माची संख्या फुगत चालली, तमक्या जातीचे लोक दुप्पट झाले, हे मोबाईलवर फिरतं आणि सुशिक्षित माणसं ते पुढे पाठवतात. महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी होणारी लेकरं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आली आहेत, पिढी जागेवर राहायला लागतात त्याहूनही कमी. शेजाऱ्याची लेकरं मोजण्यात ज्यांची रात्र जाते त्यांनी आपल्या भावकीत हजार मुलग्यांमागे मुली किती हे एकदा मोजावं.

आता १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची जनगणना ठरली आहे. या वेळी मोबाईलवर होणार, जातही विचारली जाणार. म्हणून जातीजातीच्या बैठका सुरू झाल्या आहेत, आपली संख्या एकही कमी भरता कामा नये असे निरोप निघताहेत. माझं या मंडळींना सांगणं आहे की संख्या हवी असेल तर आधी आपल्या घरातली सगळी माणसं माणसं म्हणून मोजा. कोप्यांवर माणूस पाठवा. माहेरी आलेली बाळंतीण कुठे लिहिली गेली ते विचारा. प्रगणक दारात आला की कर्त्या पुरुषानं एकट्यानं उत्तरं देऊ नयेत, घरातल्या बायकांना ओट्यावर बसवून त्यांना सांगू द्यावं. किती लेकरं झाली आणि किती जगली हे बापापेक्षा आईला बरोबर माहीत असतं.

चावडीवाचन आपल्याला नवं नाही. सातबारा आणि फेरफार गावात मोठ्यानं वाचून दाखवतात, कोणाची चूक निघाली तर तिथेच हरकत घेतली जाते. बांधावरच्या एका गुंठ्यासाठी माणसं त्या वाचनाला कामधंदा सोडून येतात. तसंच जन्म-मृत्यूच्या वहीचं वाचन झालं पाहिजे. जनगणनेच्या महिनाभर आधी, २६ जानेवारीला, वाशीमच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ग्रामसभा होणारच आहे. त्या सभेत ग्रामसेवकानं मागच्या पाच वर्षांची वही उघडावी. एकेका वर्षाचे मुलगे किती, मुली किती, हे गावासमोर वाचावं, आणि बायकांना पुढे बसवून विचारावं की या वहीत कोण नाही. विधवा सासूचं नाव सुनेनं सांगावं. पुरलेल्या लेकरांची नावं ठेवलेली नसतात, तेव्हा त्यांची नोंद आईच्या नावासमोर करावी. एक वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तो मिळवायला सरपंचानं स्वतः तहसिलीत जावं. आणि ज्या गावात हजार मुलग्यांमागे मुली नऊशेच्या खाली निघतील, तिथे सभा उठण्यापूर्वी सरपंचापासून सुरुवात करून प्रत्येक कर्त्या पुरुषानं उभं राहून आपल्या घरात सहा वर्षांच्या आतल्या मुली किती आहेत ते सांगावं.